तळ्याकाठी विषाणूचे निदान : जलद चाचण्यांची उपयुक्तता आणि मर्यादा

दिल्लीच्या पश्चिमेला सुमारे सत्तर किलोमीटरवर रोहतक आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या जिल्ह्यातील लाहली आणि बनियानी या गावांच्या शिवारात भूजल खारे आहे आणि त्याची पातळी उथळ आहे. गहू किंवा ऊस धड न येणाऱ्या अशा जमिनीवर मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने आपले केंद्र उभारले आणि कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवता येते हे दाखवून दिले. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आज रोहतक, झज्जर, भिवानी या पट्ट्यात आणि पुढे हिसार-सिरसापर्यंत व्हेनामी कोळंबीची तळी दिसतात. केंद्रीय मत्स्यपालन विभागाने २०२५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत मिळून सुमारे ५८,००० हेक्टर क्षारयुक्त क्षेत्र मत्स्यशेतीसाठी निश्चित करण्यात आले असून त्यांपैकी केवळ २,६०८ हेक्टर प्रत्यक्ष वापरात आहे. म्हणजे या शेतीचा विस्तार अजून व्हायचा आहे, आणि विस्ताराबरोबर रोगही प्रवास करतात.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा किंवा शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी पाहिलेल्या माणसाला रोहतकचे शिवार ओळखीचे वाटेल. पालघर, रायगडच्या खाडीकाठच्या कोळंबी संवर्धकाला तर यातील रोगाचे नाव सांगण्याचीही गरज नाही.

दिल्ली परिसरातील कोळंबीशेतीचे एक वैशिष्ट्य मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. तेथे बीज तयार होत नाही. व्हेनामीची पिल्ले आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील हॅचरींमध्ये जन्माला येतात, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आणि थर्मोकोलच्या खोक्यांत बंद होऊन विमानाने दिल्लीला उतरतात आणि तेथून रस्त्याने तळ्यावर पोहोचतात. प्रति चौरस मीटर ५० पिल्ले या हिशेबाने एका हेक्टरला पाच लाख पिल्ले लागतात. ती पाण्यात सोडली की पुढचे साडेतीन ते चार महिने शेतकऱ्याच्या हाती खाद्य, हवा आणि पाण्याची राखण एवढेच उरते. विषाणू त्या खोक्यातूनच आला असेल, तर पुढची सारी राखण व्यर्थ जाते. म्हणूनच निदानाचा प्रश्न येथे तळ्यापेक्षा आधी, खोके उघडण्याच्याही आधी, सुरू होतो.

औषध नसलेला आजार

विषाणूजन्य रोगांबाबत एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे. तळ्यातील मासळी किंवा कोळंबी विषाणूने आजारी पडल्यावर तिला बरे करणारे औषध उपलब्ध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तरीही मर दिसू लागली की दुकानदाराच्या सल्ल्याने खाद्यातून प्रतिजैविक देण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात पैसा जातो, वेळ जातो आणि पुढे मालात औषधांचे अंश सापडले तर निर्यातीचा मार्गही बंद होतो. मग औषधच नसेल तर चाचणी कशासाठी, असा प्रश्न शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की चाचणी उपचारासाठी नसते, निर्णयासाठी असते. बीज घ्यायचे की परत पाठवायचे, कोळंबी विक्रीयोग्य आकाराची झाली असेल तर आजच काढायची की थांबायचे, पाणी बाहेर सोडायचे की बांधाआड अडवून ठेवायचे, हे निर्णय काही तासांत घ्यावे लागतात. प्रयोगशाळेचा अहवाल आठ दिवसांनी आला तर तो अचूक असूनही निरुपयोगी ठरतो, कारण तोवर निर्णय परिस्थितीनेच घेऊन टाकलेला असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हे याचे ठळक उदाहरण. १९९२-९३ च्या सुमारास तैवान, चीन आणि जपानमध्ये हा रोग प्रथम दिसला आणि १९९४ च्या सुमारास भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. त्या काळातील वाघ कोळंबीचे संवर्धन त्याने अक्षरशः मोडून काढले. लक्षणे दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत तळ्यातील जवळजवळ सारी कोळंबी मरू शकते. कवचावरील पांढऱ्या ठिपक्यांवरून रोगाला नाव मिळाले असले, तरी व्हेनामीत हे ठिपके अनेकदा दिसतच नाहीत. कोळंबी फक्त खाणे सोडते, कडेला येते, लालसर पडते आणि मरते. इतर कारणांनीही ती अशीच वागते. डोळ्यांनी केलेले निदान येथे अपुरे पडते ते यामुळे.

२००९ मध्ये व्हेनामीला परवानगी मिळाली तेव्हा आयात होणारे प्रजनक ‘विशिष्ट रोगजंतूमुक्त’ असावेत आणि चेन्नईतील विलगीकरण केंद्रातून गेल्याशिवाय हॅचरीत जाऊ नयेत, अशी व्यवस्था लावण्यात आली. ती मोलाची आहे, पण तिच्या नावाने एक गैरसमजही पसरला आहे. रोगजंतूमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. अशा प्रजनकांची पिल्ले जन्मतः स्वच्छ असतात इतकेच. हॅचरीतील पाणी, जिवंत खाद्य किंवा वाहतुकीत वापरलेले साहित्य यांतून त्यांना लागण होऊ शकते. त्यामुळे ‘एसपीएफ’ असे छापलेला कागद हा चाचणीच्या निकालाला पर्याय ठरत नाही.

हरियाणातील शेतकऱ्याला एका बाबतीत किनाऱ्यावरील शेतकऱ्यापेक्षा दैव अनुकूल आहे. त्याचे पाणी जमिनीखालून येते. खाडीच्या पाण्याबरोबर तळ्यात शिरणारे खेकडे, रानकोळंबी आणि सूक्ष्म कवचधारी जीव हे या विषाणूचे वाहक असतात, आणि कूपनलिकेत ते नसतात. लागणीची मुख्य वाट म्हणून बीज, जाळी, पक्षी आणि शेजाऱ्याने सोडलेले पाणी एवढीच उरते. त्यांपैकी पहिलीवर चाचणीचे नियंत्रण येऊ शकते. हवामानाची बाजू मात्र तितकी सोपी नाही. पाण्याचे तापमान ३२-३३ अंशांवर असताना हा विषाणू बराच दबून राहतो, तापमान उतरले की उसळी घेतो. उत्तर भारतातील हंगामाची सुरुवात आणि अखेर, म्हणजे एप्रिलच्या थंड रात्री आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील उतरते तापमान, हे काळ अधिक जपण्याचे. जूनमध्ये निरोगी दिसणारे तळे निरोगीच आहे असे केवळ दिसण्यावरून म्हणता येत नाही.

पट्टी, लॅम्प आणि पीसीआर

जलद चाचणी म्हणजे काय हे २०२० नंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षी १४ जूनला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोविडसाठी जलद प्रतिजन चाचणीला मान्यता दिली आणि काही दिवसांतच दिल्लीत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला. त्या पहिल्या मान्यताप्राप्त संचाचे उत्पादन करणाऱ्या कोरियन कंपनीचा कारखाना गुरुग्रामजवळच्या मानेसरलाच होता. पट्टीवर दोन रेघा म्हणजे लागण, एक रेघ म्हणजे नाही, हे घरोघरी समजले. त्याच वेळी परिषदेने आणखी एक सूचना दिली होती. लक्षणे असूनही पट्टीने ‘नाही’ म्हटले तर आरटी-पीसीआर करावी. मत्स्यशेतीतील जलद निदानाचे जवळजवळ सारे शहाणपण त्या एका सूचनेत आहे.

प्रतिजन पट्टी विषाणूची प्रथिने शोधते. कल्ल्याचा किंवा पायाचा लहान तुकडा द्रावणात चुरडायचा, दोन-चार थेंब पट्टीवर टाकायचे आणि दहा-वीस मिनिटे थांबायचे. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसाठी मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयाने एकजिनसी प्रतिपिंडांवर आधारलेली, शेतकऱ्याला तळ्यावर करता येईल अशी ठिपका-चाचणी विकसित केली होती. जपानमध्येही याच विषाणूसाठी पट्टी तयार झाली. या चाचण्यांचे बळ आजारी प्राण्यात दिसते. विषाणूची संख्या भरपूर असेल तेव्हा त्या बरोबर सांगतात. लागण नुकतीच झालेली असेल किंवा प्राणी विषाणू बाळगून वरकरणी निरोगी असेल, तर पट्टीला तो दिसत नाही.

पीसीआर विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती करत जाते आणि अगदी मोजक्या प्रतींचाही पत्ता लावते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसाठी विकसित केलेला नेस्टेड पीसीआर संच या क्षेत्रातील देशी कामाचा पाया मानता येईल. मात्र पीसीआरला तापमान चढते-उतरते ठेवणारे यंत्र, स्वच्छ खोल्या आणि शिकलेला हात लागतो.

या दोहोंच्या मधली जागा ‘लॅम्प’ने घेतली आहे. २००० मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेल्या या पद्धतीत ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला विषाणूच्या जनुकांच्या प्रती होतात. गरम पाण्याचे भांडे किंवा बॅटरीवर चालणारी छोटी पेटी पुरते. तासाभरात नळीतील रंग बदलतो आणि निकाल उघड्या डोळ्यांना दिसतो. ३७ ते ४२ अंशांवर वीसेक मिनिटांत होणारी ‘आरपीए’ पद्धतही याच घराण्यातली. या चाचण्या पट्टीपेक्षा बऱ्याच संवेदनशील आहेत आणि पीसीआरइतक्या जड नाहीत. पण त्यांचे दोन दोष विस्तार कार्यकर्त्याला माहीत असायला हवेत. पहिला, नळी एकदा उघडली की तयार झालेल्या कोट्यवधी प्रतींचा अदृश्य फवारा टेबलावर पसरतो आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यात ‘लागण’ दिसू लागते. निकाल पाहिल्यावर नळी उघडायची नाही, बंदच टाकायची. दुसरा, गुलाबीचे पिवळे होणारे रंगद्रव्य प्रत्यक्षात आम्लता मोजते. नमुन्याचा अर्क नीट शुद्ध केलेला नसेल तर विषाणू नसतानाही रंग फिरतो किंवा असतानाही अडतो. प्रत्येक खेपेला विषाणू नसलेली एक नळी आणि असलेली एक नळी सोबत लावल्याशिवाय त्या रंगाला अर्थ नाही.

निकालाचा अर्थ कसा लावावा

कंपनीच्या माहितीपत्रकावर संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९५ टक्के असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते की निकाल नव्वद टक्के खरा. हिशेब तसा चालत नाही. समजा, निरोगी दिसणाऱ्या १,००० तळ्यांची सरसकट पाहणी केली आणि त्यांपैकी प्रत्यक्षात २० तळ्यांत विषाणू आहे. चाचणी त्यांपैकी १८ पकडेल. उरलेल्या ९८० स्वच्छ तळ्यांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९ तळ्यांनाही ती चुकून बाधित ठरवेल. एकूण ६७ तळी बाधित दाखवली जातील आणि त्यांतली खरी फक्त १८. म्हणजे चारांपैकी तीन शेतकऱ्यांना विनाकारण धास्ती.

आता तीच चाचणी मर चालू असलेल्या १,००० तळ्यांवर वापरली आणि त्यांपैकी ६०० मध्ये खरोखर विषाणू आहे असे धरले, तर ५४० खरे आणि २० चुकीचे असे ५६० बाधित निकाल येतील. येथे ‘आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण ‘नाही’ असे उत्तर मिळालेल्या ४४० तळ्यांपैकी ६० तळ्यांत विषाणू असेलच. पट्टी तीच, अचूकता तीच. कोणत्या तळ्यावर ती वापरली यावर निकालाचे वजन ठरते. आकडे येथे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण तत्त्व कोणत्याही संचाला लागू पडते. मर चालू असताना पट्टीने ‘आहे’ म्हटले तर लगेच हालचाल करावी. ‘नाही’ म्हटले तर नमुना पीसीआरला पाठवावा. आणि निरोगी तळ्यात अवचित ‘आहे’ आले तर तळे मोकळे करण्यापूर्वी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी.

चूक नळीत नव्हे, नमुन्यात

जलद निदानावरची चर्चा बहुधा यंत्रे आणि संच यांभोवती फिरते. प्रत्यक्षात निकाल बिघडतो तो बहुतेकदा नमुना घेतानाच.

बीजाचे उदाहरण घेऊ. पाच लाख पिल्लांच्या खेपेतून दहा पिल्ले उचलून तपासली आणि निकाल स्वच्छ आला, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. मोठ्या समूहात दोन टक्के प्राणी बाधित असतील तर त्यांपैकी किमान एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती लागण्यासाठी सुमारे १५० नमुने लागतात. पाच टक्के बाधित असतील तर ६० आणि दहा टक्के असतील तर ३० पुरतात. दीडशे पिल्ले एकेक करून तपासायची नसतात, त्यांचे गट करून अर्क काढता येतो. गट फार मोठे केले तर मात्र एका बाधित पिल्लाचा विषाणू इतरांच्या अर्कात विरघळून जातो. हॅचरीकडून प्रमाणपत्र घेताना ‘पीसीआर निगेटिव्ह’ एवढ्यावर समाधान न मानता किती पिल्ले तपासली, कोणत्या टाकीतील, कोणत्या तारखेला, हे विचारणे शेतकऱ्याच्या हक्काचे आहे. पंधरा दिवसांपूर्वीचे प्रमाणपत्र आज निघणाऱ्या खोक्याबद्दल काही सांगत नाही.

तळ्यातील मरीच्या वेळी उलट घडते. शेतकरी सकाळी तरंगताना दिसलेला मेलेला प्राणी पिशवीत घालून आणतो. तो रात्रभर पाण्यात कुजलेला असतो, आणि त्यात विषाणूपेक्षा नंतर वाढलेले जिवाणूच अधिक सापडतात. नमुन्यासाठी हवा तो मरणासन्न, कडेला आलेला, पण अजून जिवंत असलेला प्राणी. असे पाच-सहा प्राणी आणि दुरून पकडलेले एक-दोन धडधाकट दिसणारे. कोणता अवयव घ्यायचा हेही रोगागणिक बदलते. पांढऱ्या ठिपक्यांसाठी कल्ले आणि पोहण्याचे पाय उत्तम. यकृत-स्वादुपिंडात हा विषाणू वाढत नाही, त्यामुळे तो भाग पाठवला तर खोटा ‘नाही’ मिळतो. डोळ्यात पीसीआरला अडथळा आणणारी द्रव्ये असतात, म्हणून तोही टाळावा. तिलापियाच्या विषाणूसाठी यकृत आणि मेंदू लागतात, तर कोय माशाच्या सूजरोगासाठी कल्ले.

नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, ऊतीच्या निदान दहापट द्रवात ठेवावा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास उत्तम असतो, जनुकीय चाचणीस तो जवळजवळ बाद होतो. घाईत हे दोन्ही द्रव एकमेकांच्या जागी वापरले जातात, ही विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगण्याची गोष्ट आहे. ज्या विषाणूंचे जनुकीय द्रव्य आरएनएचे आहे, त्यांच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. दिल्लीहून लखनौ, जेथे राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, सुमारे ५०० किलोमीटर. मे महिन्यात साध्या पिशवीतून गेलेला नमुना तेथे पोहोचेपर्यंत त्यातील आरएनए तुटून गेलेले असते. मग ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल येतो आणि शेतकरी निश्चिंत होतो. तळ्यावरच होणाऱ्या चाचणीचा सर्वांत मोठा फायदा वेगापेक्षाही हा आहे. नमुना ताजा असतानाच तपासला जातो.

उन्हाळ्याचा प्रश्न संचालाही आहे. प्रतिजन पट्ट्या साधारणतः ३० अंशांखाली ठेवायच्या असतात आणि लॅम्पमधील विकरांना अतिशीत साठवण लागते. दिल्ली-हरियाणात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांना भिडतो. जीपच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेली पट्टी नियंत्रण रेघ दाखवील, पण तिच्या दुसऱ्या रेघेवर भरवसा ठेवता येणार नाही. कोरड्या भुकटीच्या रूपातील लॅम्प संच आता मिळतात. खेडोपाडी काम करणाऱ्यांनी खरेदीच्या वेळी किमतीच्या आधी साठवणुकीची ही अट पाहावी.

मासे : तिलापिया, कोय आणि सोनमासा

रोहू, कटला, मृगळ या आपल्या प्रमुख माशांना विषाणूंचा उपद्रव तुलनेने कमी. दिल्ली परिसरातील गोड्या पाण्याच्या तळ्यांत हिवाळ्यात दिसणाऱ्या जखमा बहुधा बुरशीजन्य व्रणरोगाच्या किंवा माशांच्या उवांमुळे झालेल्या असतात, आणि पहाटेची सामूहिक मर प्राणवायूच्या तुटवड्याने होते. एका रात्रीत मोठे मासे आधी आणि एकदम मेले तर पहिला संशय प्राणवायूवर घ्यावा. विषाणूची मर दिवसांच्या क्रमाने वाढत जाते आणि बहुधा एकाच जातीला धरते. चाचणीची पट्टी काढण्यापूर्वी विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया मोजणे म्हणूनच आवश्यक. आशियाई मार्गदर्शक तत्त्वांत रोगनिदानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : तळ्यावरील निरीक्षण, मग परजीवी-जिवाणू-ऊतींची तपासणी, मग जनुकीय चाचण्या. जलद संचांमुळे तिसरी पायरी पहिलीच्या शेजारी येऊन बसली, पण पहिली पायरी गळाली नाही.

तिलापियाचे मात्र चित्र वेगळे आहे. तिलापिया लेक विषाणूची ओळख २०१४ मध्ये इस्रायलमधील संशोधनातून पटली. मे २०१७ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याबद्दल जागतिक इशारा दिला आणि २०१८ मध्ये पश्चिम बंगाल व केरळमधील तळ्यांतून भारतातील त्याच्या उपस्थितीची नोंद प्रसिद्ध झाली. हा विषाणू आरएनएचा आहे. लहान बोटुकल्यांत मर अधिक, आणि बाहेरून आणलेले बीज तळ्यात सोडल्यावर साधारण महिनाभरात ती सुरू होते. तिलापिया आज यमुनेतही स्थिरावलेला आहे. बाधित तळ्याचे पाणी नाल्यावाटे नदीत गेले तर नुकसान एका शेतकऱ्यापुरते राहणार नाही. या विषाणूसाठी माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्रावातूनही चाचणी करता येते असे संशोधनातून दिसले आहे. प्रजनक मासे न मारता तपासता येणे ही हॅचरीचालकाच्या दृष्टीने मोठी सोय.

राजधानीचा शोभिवंत माशांचा व्यापार हा स्वतंत्र विषय. कोय आणि आपण खातो तो सायप्रिनस एकमेकांचे इतके जवळचे आहेत की कोयचे विषाणू सायप्रिनसलाही लागतात. कोयमधील सूजरोगाचा आणि सोनमाशातील नागीणवर्गीय विषाणूचा, असे दोन्हींचे भारतातील अहवाल २०१६ मध्ये आले. काचेच्या टाकीतला मासा आजारी पडला म्हणून त्याला जवळच्या तळ्यात सोडून देणारा दयाळू माणूस दिल्लीत जसा आहे, तसा पुण्या-मुंबईतही आहे. त्याला कोणी दोष देत नाही, पण तळेवाल्याने मात्र सावध असावे.

‘आहे’ असे उत्तर आल्यावर

बाधित निकाल हातात आला की शेतकऱ्याची पहिली इच्छा ते कोणाला कळू न देण्याची असते. व्यापारी भाव पाडील, शेजारी बोल लावतील, बँक चौकशी करील. रात्रीतून तळ्याचा दरवाजा उघडून पाणी नाल्यात सोडले जाते. रोगाच्या प्रसाराला याहून सोपी वाट नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तळ्याच्या पाण्यात निदान तीन-चार दिवस जिवंत राहतो, आणि प्रयोगशाळेतील समुद्राच्या पाण्यात तर ३० अंशांना महिनाभर टिकलेला आढळला आहे. जी कोळंबी बाजारात जाण्याजोगी झाली आहे ती पाणी न सोडता जाळ्याने काढून घ्यावी. हा रोग माणसाला होत नाही, त्यामुळे अशा कोळंबीच्या खाण्याला धोका नाही. काढणी झाल्यावर पाणी अडवून, शिफारशीच्या मात्रेत क्लोरीनने निर्जंतुक करून, क्लोरीन उडून गेल्यावरच सोडावे. मेलेले प्राणी बांधापासून दूर चुन्यासह पुरावेत. एका तळ्यातील जाळी दुसऱ्यात नेऊ नयेत. हरियाणात खारे पाणी कोठे सोडायचे हा प्रश्न आधीच नाजूक आहे. लगतच्या गोड्या पाण्याच्या शेतकऱ्याला त्याचा त्रास होतो. तेथे रोगट पाण्याचे भांडण वाढले तर या शेतीविरुद्ध गावाचे मन फिरायला वेळ लागणार नाही.

कळवण्याची व्यवस्था आता आहे. जलचर प्राण्यांच्या रोगांसाठीचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे समन्वयन लखनौचा ब्युरो करतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून त्याच्या दुसऱ्या टप्प्याला तीन वर्षांसाठी ३३.७८ कोटी रुपये मंजूर झाले. २८ जून २०२३ रोजी नवी दिल्लीत कृषी भवनात ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप सुरू करण्यात आले. मर दिसताच छायाचित्रे आणि तळ्याची माहिती भरून शेतकरी त्यातून थेट तज्ज्ञांपर्यंत पोहोचू शकतो. मात्र तक्रार नोंदवणाऱ्याच्या पदरी काय पडते, यावर अशा व्यवस्थेचे यश ठरते. कळवल्यावर मार्गदर्शन आणि प्रयोगशाळेचा खात्रीचा अहवाल त्वरेने मिळाला तर पुढचा शेतकरीही कळवील. केवळ बदनामी वाट्याला आली तर पट्ट्या कितीही स्वस्त झाल्या तरी निकाल खिशातच राहतील. जलद चाचणी खासगी होत जाईल तसा हा धोका वाढणार आहे, कारण पूर्वी निकाल प्रयोगशाळेत नोंदला तरी जात होता. आता तो एका नळीच्या रंगात उमटतो आणि नळीबरोबर कचऱ्यात जातो.

यासाठी एक व्यवहार्य मार्ग सुचवण्यासारखा आहे. पट्टी किंवा लॅम्प संच प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र विकत घेण्याऐवजी आठ-दहा तळ्यांच्या गटाने मिळून घ्यावा, त्यातील एकाने प्रशिक्षण घ्यावे, आणि प्रत्येक चाचणीची नोंद, तारीख, तळे, नमुन्यांची संख्या, नियंत्रण नळ्यांचे निकाल यांसह एका वहीत ठेवावी. संच उन्हापासून जपणे एका ठिकाणी सोपे जाते, मुदतबाह्य होऊन वाया जाण्याचे प्रमाण घटते आणि शेजाऱ्याच्या तळ्यात काय चालले आहे हे अफवेने कळण्याऐवजी वहीतून कळते. बीजाची मागणी एकत्र नोंदवली तर हॅचरीला १५० पिल्लांच्या चाचणीची अट घालण्याइतके वजनही गटाला येते. एकट्या दुकट्या शेतकऱ्याला, विशेषतः हंगामाच्या तोंडावर बीज टंचाई असताना, ती अट घालणे जमत नाही.

खारपाणपट्ट्यात किंवा शिरोळकडे कोणी कोळंबीचा विचार करत असेल, तर त्याचेही बीज किनाऱ्यावरूनच, याच प्रकारच्या खोक्यांतून येणार आहे. भूजलात पोटॅशियमची उणीव किती आणि ती म्युरेट ऑफ पोटॅशने भरून काढायची कशी, याची चौकशी असे शेतकरी आधी करतात. ती आवश्यकच आहे. तिच्या जोडीने नमुना घेण्यासाठी अल्कोहोलची बाटली, नमुना पाठवायची प्रयोगशाळा आणि तिथवरचा प्रवास किती तासांचा, याचीही खात्री पहिले खोके उतरण्यापूर्वी करून घ्यावी.